सदतीस माद्या

अडतीस पिल्लांपैकी सदतीस माद्या निघाल्या. अडतिसावं पिल्लू इतकं कुजलेलं होतं की त्याच्याबद्दल काहीच सांगता येईना.

नेरिसा दुमलाओने सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला, चष्मा पुसला आणि पहिल्या काचेपासून पुन्हा बघायला सुरुवात केली. कासवाचं पिल्लू नर आहे की मादी हे वरून कोणाला कळत नाही. मेलेल्या पिल्लाच्या पोटातला कणीएवढा तुकडा काढून, त्याचे पातळ काप करून, रंगवून बघावे लागतात. आकडा दुसऱ्यांदाही तोच आला. तिसऱ्यांदा तिने मोजलं नाही.

ही पिल्लं सान लिबोरियो या किनाऱ्यावरच्या गावातली होती. घरट्यातून बाहेर पडण्याआधीच मेलेली. गेले तीन हंगाम तिथली घरटी राखणाऱ्या तातांग देन्स्योंनी ती एकेक करून औषध भरलेल्या बरण्यांत जपून ठेवली होती. बरण्या नेरिसानेच दिल्या होत्या. प्रत्येक बरणीवर तारीख, घरट्याचा क्रमांक आणि खाली तिरक्या अक्षरात ‘बिचारं’ असं लिहिलेलं. प्रत्येक बरणीवर न चुकता.

कासवाच्या अंड्यात नर घडणार की मादी, हे आईबापांच्या हातात नसतं. ते वाळू ठरवते. अंडी उबण्याच्या मधल्या दिवसांत वाळू तीस अंशांच्या आसपास असेल तर निम्मेनिम्मे. थंड असेल तर नर, तापलेली असेल तर माद्या. नेरिसाला हे विद्यार्थिदशेपासून पाठ होतं, आणि खरा काटा तोच होता. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी, पंचविशीत, ती प्रबंधासाठी सान लिबोरियोला गेली तेव्हा तिथली हॅचरी सुरूच्या झाडांखाली होती. बांबूचं कुंपण, आत ओळीने पुरलेली अंडी. झाडांच्या मुळ्या घरट्यांत शिरत, लाल मुंग्या लागत, खेकडे भुयारं काढत. शंभरातली पन्नास अंडीही फुटत नसत. तिने हॅचरी उघड्यावर, दुपारभर ऊन खाणाऱ्या करड्या वाळूत हलवायला सांगितली. वाळूचं तापमान तिने घेतलं होतं, नाही असं नाही. पण घेतलं ते जानेवारीत, वर्षातल्या सगळ्यात थंड महिन्यात; आणि तेही घरट्यात नव्हे, घरट्याशेजारच्या रिकाम्या वाळूत. शंभर अंडी एकत्र उबताना त्यांची स्वतःची ऊब किती होते, हे तिने हिशेबात धरलं नाही. प्रबंधात एक ओळ लिहिली: ‘तापमान योग्य आढळले.’

त्यानंतर शंभरातली सत्याऐंशी अंडी फुटू लागली. तिला नोकरी मिळाली ती त्या सत्याऐंशीवर. तिने ‘सान लिबोरियो पद्धत’ नावाची पुस्तिका काढली आणि किनाऱ्यावरच्या चौदा गावांनी ती वाचून तशाच हॅचऱ्या बांधल्या. नवव्या पानावर उघडी वाळू दाखवायला तिने स्वतःच्या हाताने एक सूर्य काढला होता. हसरा.

“सावलीची जाळी बांधा म्हणून सांग,” आकडे बघून विभागप्रमुख म्हणाले. “सुधारित पद्धत म्हण. विज्ञान पुढे जातं, माणसं सुधारणा करतात. यात लपवण्यासारखं काय आहे?”

“आणि आधीची अकरा वर्षं, सर?”

“ती कोण विचारतंय तुला? पदोन्नतीची फाईल वर गेली आहे, नेरी. जरा दम धर.”

कोणी विचारणार नव्हतं, हे खरंच होतं. सान लिबोरियोत तिला कधीच कोणी काही विचारत नसे. नेरिसाच्या शब्दावर त्या गावाने अंडी खोदून विकणं सोडलं होतं. तिचा शब्द चुकीचा निघाला असं कळलं, तर हंगामात पहाटे तीन-तीन मैल चालून घरटी राखायला कोण उठेल, आणि का उठेल? जाळीचं सांगून गप्प बसावं, तर कासवं वाचतील. खरं सांगावं, तर गाव हातचं जाईल आणि कदाचित कासवंही. मनिलाहून वायव्येकडे जाणाऱ्या बसमध्ये सहा तास तिने हीच दोन वाक्यं उलटसुलट करून पाहिली. शनिवारी दुपारी ती गावात उतरली तेव्हाही वाक्यं तशीच होती.

ऑगस्ट होता. कासवं यायला अजून महिना-दीड महिना अवकाश होता. हॅचरी रिकामी होती आणि तातांग देन्स्यो नायलॉनच्या दोरीने कुंपण आवळत बसले होते. पूर्ण नाव फिदेन्सियो, वय एकाहत्तर. गावात लहानथोर सगळे त्यांना तातांग, म्हणजे बाबा, म्हणत आणि त्यांच्या बायकोला नानांग, म्हणजे आई, चारिंग.

“आली बघ डॉक्टर!” तातांग उठलेच. “बस. नाही, आधी हे बघ.” त्यांनी शर्टाच्या आतून वही काढली. “गेल्या हंगामातलं एकसष्टावं घरटं. चव्वेचाळीस दिवस! चव्वेचाळीस दिवसांत पिल्लं बाहेर. शेजारच्या गावाला सांगितलं तर म्हणतात, थापा मारता. मी म्हटलं, या, वही बघा.”

नेरिसाने वही घेतली. सुरूच्या झाडांखाली हॅचरी होती तेव्हा अठ्ठावन्न-साठ दिवस लागत. मग पन्नास. मग सत्तेचाळीस. वाळू जितकी तापलेली, तितके दिवस कमी. सगळं या वहीत होतं. तिला दरवर्षी फोटो काढून पाठवलेलं, आणि तिने दरवर्षी ‘छान!’ म्हणून बाजूला ठेवलेलं.

कुंपणाच्या कडेला गेल्या वर्षीच्या पाट्या रचून ठेवल्या होत्या. प्रत्येक घरट्याला गावातला कोणीतरी धर्मपिता किंवा धर्ममाता असे, आणि तो घरट्याला नाव देई. पाद्रीबाबांनी कासवांच्या बाप्तिस्म्याला साफ नकार दिला होता, म्हणून नुसतं समुद्राचं पाणी शिंपडत. एकाआड एक, एक मुलाचं नाव, एक मुलीचं, म्हणजे भांडण नको. वरच्या पाटीवर ‘रोमुलो’ असं होतं.

“तातांग,” ती म्हणाली, “बरण्यांमधली पिल्लं तपासली मी. सगळ्या माद्या आहेत.”

“असं?” तातांग दोरीची गाठ मारत म्हणाले. “मग नर दणकट म्हणायचे. मेल्या त्या माद्या, नर वाचून समुद्रात गेले. मेलेल्यांवरून तू जिवंतांचं कसं सांगणार?”

ही शंका विभागप्रमुखांनाही सुचली नव्हती.

“बरोबर विचारलंत. मलाही आधी तीच शंका आली. पण गेल्या हंगामात आपण वीस घरट्यांत ती बटणं पुरली होती ना, तापमान लिहून ठेवणारी? सगळ्या घरट्यांत तेहतीसच्या आसपास होतं. एवढ्या उष्णतेत नर होतच नाहीत, तातांग. मेलेले नाहीत आणि जिवंतही नाहीत.”

गाठ अर्धवटच राहिली. “गेल्या खेपेला ऊन फार होतं.”

“गेल्याच खेपेचं नाही. तुमच्या वहीतले दिवस बघा. मी हॅचरी उघड्यावर आणायला सांगितली तेव्हापासून असंच चाललंय. चूक माझी आहे. मी नीट मोजलं नव्हतं.”

तातांगांनी वही परत मागून घेतली आणि पहिल्यापासून एकेक पान उलटू लागले. मध्ये एका पानावर थांबले.

“तू मला पत्र लिहिलं होतंस,” ते म्हणाले. “दिवस कमी लागताहेत, म्हणजे काम चांगलं चाललंय. शाब्बास. असं.”

“हो. लिहिलं होतं.”

“त्या कोपऱ्यात,” त्यांनी हाताने दाखवलं, “तीननंतर एका सुरूची सावली यायची. तिथली घरटी पाच-सहा दिवस मागं राहायची. वहीत ती ओळ आली की मला लाज वाटायची. वर्गात एखादं पोर मठ्ठ असतं ना, तसं वाटायचं.” त्यांनी पान तिच्याकडे वळवलं. “आठव्या वर्षी मी ते झाड तोडलं. तू नव्हतं सांगितलंस. आपल्या मनानंच तोडलं. सरपण केलं त्याचं.”

तातांगांनी वही शर्टात घातली, दोरीचं भेंडोळं कुंपणाला अडकवलं आणि ते घराकडे चालू लागले. तिला ‘ये’ म्हणाले नाहीत.

ती तरी गेली. गावात दुसरीकडे कुठे उतरायची तिची रीत नव्हती. नानांग चारिंगने भाजलेल्या तांदळाची कॉफी तिच्यासमोर ठेवली आणि खालच्या आवाजात विचारलं, “काय केलंस त्याला? आल्या आल्या मागच्या दारी जाऊन बसलाय. कोंबड्यांशीसुद्धा बोलत नाही.”

नेरिसाने पुन्हा सगळं सांगितलं. नानांगला सहा मुली होत्या, सगळ्या लग्न होऊन किंवा नोकरीला म्हणून दूर गेलेल्या. तिने सगळं ऐकून घेतलं आणि झग्याला हात पुसले.

“सहाव्या मुलीच्या वेळी सासूनं माझा उद्धार केला होता,” ती म्हणाली. “आता कुठं कळलं, सगळा दोष खोलीतल्या उकाड्याचा!” आणि ती अशी हसली की मागच्या दारातून खाकरल्याचा आवाज आला. मग ती गंभीर झाली. “मग तो रोमुलो पण मुलगीच?”

“रोमुलो म्हणजे शंभर मुली, नानांग.”

“अगं बाई. धर्मपिता गेनेर आहे त्याचा. आता तो काही तुला सोडत नाही.”

रात्री जेवताना तातांगांनी सुका मासा तिच्याकडे सरकवला, एवढंच. सकाळी प्रार्थनेला जाण्याआधी मात्र ते म्हणाले, “गावाला सांगणार आहेस ना?”

“तुम्ही म्हणाल तर.”

“मला काय विचारतेस? अंडी गावाची आहेत.”

रविवारची प्रार्थना आटोपल्यावर लोक बास्केटबॉलच्या छपराखाली जमले. गावातली सगळी कामं तिथेच होत: लसीकरण, नाच, भांडणतंटे, मयताची जेवणं. चाळीसएक माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, कडेला कुत्री. नेरिसाने बोलण्याची टिपणं आणली होती ती काढलीच नाहीत. वाळू, उष्णता, जानेवारीतलं मोजमाप, सदतीस माद्या, एवढं तिने ओळीने सांगितलं. चूक कोणाची हे पहिल्याच वाक्यात सांगितलं, कारण शेवटी ठेवलं असतं तर तिथवर पोचण्याचा धीर राहिला नसता.

मग गेनेर उठला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा मासेमार. एकेकाळी काठी टोचून पुरलेली अंडी शोधण्यात त्याचा हात धरणारा या किनाऱ्यावर कोणी नव्हता. काठीच्या टोकाचा वास घेऊन तो घरटं किती दिवसांचं ते सांगायचा.

“म्हणजे मी अकरा वर्षं बिअरबरोबर अंडी खायची सोडली,” तो म्हणाला, “बायकोचं ऐकून पहाटे उठलो, मच्छरांना रक्त पाजलं, आणि समुद्रात काय सोडलं? मुलींचं वसतिगृह!”

छपराखाली हशा पिकला. नेरिसाही हसली असती, पण गेनेर हसत नव्हता.

“अंडी तर माद्याच घालतात ना?” मागून एक बाई म्हणाली. “मग जास्त झाल्या तर बिघडलं कुठं? कोंबड्या नाही का आपण पाळत?”

“काही प्रमाणात नाही बिघडत,” नेरिसा म्हणाली. “एक नर पुष्कळ माद्यांना पुरतो, आणि लांबून दुसरीकडचे नरही येत असतील. सगळं पाण्यात गेलं असं मी म्हणत नाही. ती पिल्लं जिवंत सुटलीत. पण माझी पुस्तिका चौदा गावांत गेली आहे. या सगळ्या किनाऱ्यानं नुसत्या माद्या सोडल्या, तर नर यायचे कुठून? आणि ही कासवं मोठी व्हायला बारा-पंधरा वर्षं लागतात. आपण केलेलं चांगलं की वाईट, हे कळायला अजून सुरुवातच झालेली नाही.”

“आता काय करायचं म्हणतेस?” गेनेरने विचारलं.

“निम्मी घरटी सावलीत. निम्मी...”

“थांब. तेव्हा उन्हात म्हणालीस. आता सावलीत म्हणतेस. तेव्हा चुकलीस, हे तूच सांगितलंस. आता बरोबर कशावरून?”

चाळीस माणसं तिच्याकडे बघत होती. विभागप्रमुख असते तर त्यांनी संशोधनांचे दाखले दिले असते. तेही खरेच होते. पण अकरा वर्षांपूर्वीही तिने दाखलेच दिले होते आणि याच माणसांनी माना डोलावल्या होत्या.

“कशावरूनच नाही,” ती म्हणाली. “माझ्यावर विसंबून करू नका. निम्मी सावलीत ठेवा, निम्मी उन्हात, आणि प्रत्येक घरट्याचं तापमान तुम्हीच घ्या. वही तुमच्याकडे. मी आकडे मागायला येईन. माझं नि तुमचं जुळलं नाही, तर मला इथेच, असंच विचारा.”

“आणि नको म्हटलं तर?” गेनेर म्हणाला. “गेलो पुन्हा काठी घेऊन, तर?”

“तर मी अडवू शकणार नाही.”

तेव्हा तातांग देन्स्यो खुर्चीवरून उठले. कालपासून पहिल्यांदाच ते चार माणसांत बोलत होते.

“ते कोपऱ्यातलं झाड मी तोडलं,” ते म्हणाले. “तिनं नव्हतं सांगितलं. घरटी सावलीत मागं राहतात हे मला दिसत होतं. का राहतात, हे मी विचारलं नाही. आपल्याला वाटलं, डॉक्टरला लवकर पाहिजे, तर लवकर देऊ. गेनेर, तू अंडी शोधायचास तेव्हा घरटी कुठं सापडायची तुला? भर उन्हात?”

गेनेरने मान खाजवली. “काही उन्हात. बरीच झुडपांच्या कडेला.”

“मग? तुला माहीत होतं. मला माहीत होतं. एकानंही तोंड उघडलं नाही, कारण हिच्याकडे पदवी होती.” ते नेरिसाकडे वळले. “सावलीची जागा मी ठरवणार. सुरूच्या खाली नाही, तिथं मुंग्या आहेत. पलीकडे झुडपांची कड आहे, तिथं. तू मोजायचं. पण एकटीनं नाही.”

“वही मी ठेवणार,” गेनेर म्हणाला.

“तू?” नानांग चारिंग ओरडली. “तुला बिलाची बेरीज येत नाही!”

“नाही येत ना? मग आकडे बनवताही येणार नाहीत. या दोघांच्या हातात वही द्यायची नाही, सांगून ठेवतो. एकानं नीट मोजलं नाही आणि दुसऱ्यानं झाड तोडलं. दे ते यंत्र इकडे.”

लोक पुन्हा हसले, पण आता खुर्च्या पुढे सरकू लागल्या. नेरिसाने पिशवीतून लांब काडीचा तापमापक काढून गेनेरच्या हातात दिला. त्याने तो वरखाली करून पाहिला, काडी नाकाजवळ नेऊन हुंगली, जुन्या सवयीने. पडद्यावर एकतीस पूर्णांक दोन दिसत होतं.

“हे खरं सांगतंय कशावरून?”

नेरिसाने त्याच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत इतक्या वेळा ती या गावात मोजमापाची साधनं घेऊन आली होती, आणि हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं.

“बर्फ हवा,” ती म्हणाली.

“माझ्या माशांच्या खोक्यात आहे.”

“तो नको. त्याला मीठ लागलेलं असतं, चुकीचं दाखवेल. गोड्या पाण्याचा पाहिजे.”

नानांगच्या घरापुढच्या छोट्या दुकानात प्लास्टिकच्या नळ्यांत गोठवलेला बर्फ विकायला असे. ती पळत जाऊन चार नळ्या घेऊन आली. तातांगांनी त्या पिशवीत घालून दगडाने ठेचल्या, कोणीतरी पातेलं दिलं, कोणीतरी हंड्यातलं गार पाणी. बर्फ बुडेल इतपतच पाणी घालायचं, ती सांगत गेली, आणि ढवळत राहायचं. गेनेर गुडघ्यांवर बसून ढवळू लागला. भोवती माणसांचं कडं झालं.

“बर्फ वितळत असताना पाणी शून्यावर असतं,” नेरिसा म्हणाली. “इथं, मनिलात, कुठंही. यंत्रानं शून्य दाखवलं पाहिजे.”

आकडा उतरू लागला. अकरा. सहा. अडीच. मग सावकाश. एका कुत्र्याने पातेल्यात तोंड घालायचा प्रयत्न केला, त्याला लाथ बसली. आकडा थांबला. गेनेरने आणखी ढवळलं, तरी हलेना.

“शून्य पूर्णांक चार,” तो मोठ्याने म्हणाला आणि विजयी चेहऱ्याने वर बघू लागला. “हेपण चुकतंय!”

“हो,” नेरिसा म्हणाली. “थोडं जास्त दाखवतंय. लिहा. दरवेळी तेवढं वजा करायचं.”

तातांगांनी शर्टातून वही काढली, कोरं पान उघडलं आणि क्षणभर हातात धरून मग गेनेरपुढे केली. गेनेरने ओला हात पँटला पुसला, पेन घेतलं, आणि जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढू लागला.